लँगम्युर प्रोब की इलेक्ट्रॉन टेंपरेचर प्रोब? आयनोस्फिअरला जाणाऱ्यांसाठी

छोट्या सॅटेलाइटवर एकाच सेन्सरची जागा उरलीय आणि या दोघांत अडकलायत, तर आम्हीही तिथेच अडकलो होतो. आयनोस्फिअरमधल्या (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित भाग) प्लाझ्माची, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉन-आयनांच्या वायूची, डेन्सिटी, टेंपरेचर, पोटेन्शियल सगळं एकाच आय-व्ही कर्व्हमधून (प्रोबचं व्होल्टेज बदलत नेऊन, म्हणजे स्वीप करून, करंट मोजला की मिळणारा आलेख) काढायचं तर लँगम्युर प्रोबच, कागदावर तरी त्याला तोड नाही.

पण प्रोबवर चिकटलेला तो थर! पाण्याची वाफ, आउटगॅसिंग, कुणाचं तरी बोट, काहीही बसतं आणि प्रोब आणि प्लाझ्माच्या मध्ये रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी तयार होते, मग हळू स्वीप केला की कपॅसिटर मध्येच चार्ज होतो, व्होल्टेज वर नेताना एक कर्व्ह, खाली आणताना दुसरा, आणि टेंपरेचर बहुतेक वेळा आहे त्यापेक्षा जास्तच दिसतं. आम्ही प्रोब तापवून स्वच्छ केला, दोन्ही कर्व्ह एकमेकांवर मस्त बसले, मग एक वायर नीट करायला चेंबर जरासाच उघडला, परत व्हॅक्यूम केलं आणि बघतो तर दोन कर्व्हमधली फट पुन्हा हजर. तिथेच माझं मन उडालं. लाँचच्या आधी हे पोरगं किती दिवस हवेत पडून असणार, विचार करा!

उपाय आहेत म्हणा. प्रोब काचेत सील करून वर गेल्यावर काच फोडायची, हे जपानी मंडळींनी केलंय. स्वीप एवढा फास्ट करायचा की थराला चार्ज व्हायला वेळच मिळू नये, हेही चालतं. स्वार्म या युरोपियन सॅटेलाइटांवर तर प्रोबचा एक गोळा सोन्याच्या मुलाम्याचा आणि दुसरा टायटॅनियम नायट्राइडचा ठेवलाय.

इलेक्ट्रॉन टेंपरेचर प्रोब (१९८१ च्या हिनोतोरी या जपानी सॅटेलाइटवर होता) हा सगळा व्यापच टाळतो. साधारण ३० किलोहर्ट्झचा सिग्नल द्यायचा आणि फ्लोटिंग पोटेन्शियल (प्रोबमधून नेट करंट शून्य असताना त्याचं व्होल्टेज) किती सरकतं ते मोजायचं. एवढ्या फ्रीक्वेन्सीला थर जवळपास शॉर्टच होतो, म्हणजे सिग्नलला अडवतच नाही, आणि नेट करंट वाहत नसल्याने त्या सरकण्यातही थराची फारशी लुडबूड नसते. सिग्नल एकदा अर्धा, एकदा पूर्ण द्यायचा, दोन सरकण्यांच्या रेशोवरून टेंपरेचर निघतं.

मूळ डिझाइनमध्ये डेन्सिटी मात्र मिळत नाही, आणि प्लाझ्मा फारच विरळ असेल तर हाही रडतो. डेन्सिटीच मुख्य हवी असेल तर मी अडवणार नाही, फास्ट स्वीपचा लँगम्युर घ्या. आम्हाला टेंपरेचर हवं होतं, आणि ती फट परत बघायची नव्हती.