पुण्यस्मरणाची जाहिरात आणि न झालेले अन्नदान

मार्च २०२४ मध्ये माझ्या आईचे प्रथम पुण्यस्मरण होते. त्यानिमित्त आम्ही नागपूरच्या एका दैनिकात तिच्या छायाचित्रासह छोटी जाहिरात दिली आणि खाली माझा मोबाइल क्रमांक छापला. त्याच दुपारी एका गृहस्थांचा फोन आला. आईविषयी ते इतक्या आदराने बोलले की, ते तिला ओळखत असावेत असेच मला वाटले. त्यांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट जाहिरातीतच छापलेली होती, हे फार उशिरा लक्षात आले.

आपली धर्मादाय संस्था मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण देते, असे त्यांनी सांगितले. आईच्या शेवटच्या आजारात आम्ही तिथेच एकोणीस दिवस काढले होते. गडचिरोली, गोंदिया, बालाघाटहून आलेली माणसे व्हरांड्यात चादर अंथरून राहतात आणि औषधपाण्यात पैसे संपले की एक वेळच जेवतात, हे मी पाहिले होते. आई खाटेवरूनच आपल्या डब्यातली पोळी शेजारच्या बाईच्या मुलाला द्यायला लावत असे. त्यामुळे दुसरा विचार माझ्या मनात आलाच नाही.

दोनशे ताटांचे २१ हजार रुपये ठरले. ११ हजार यूपीआयने पाठवताना संस्थेऐवजी एका व्यक्तीचे नाव दिसले, तेव्हा "ताई, ते आमच्या खजिनदारांचे खाते आहे," असे उत्तर मिळाले. उरलेले १० हजार, आचाऱ्याला रोखच द्यावे लागतात म्हणून, त्यांचा माणूस घरी येऊन घेऊन गेला. फलकासाठी आईचा फोटोही मी दिला.

जेवण रविवारी होते आणि आम्ही सारे वाढायला जाणार होतो. पण शनिवारी संध्याकाळीच "परवानगी आजचीच मिळाली" असे सांगून त्यांनी छायाचित्रे पाठवली. फलकावर आईचे नाव होते. मावशीने मात्र विचारले, "अगं, या बायकांनी स्वेटर का घातले आहेत?" मार्चअखेरच्या नागपुरात! तरीही मी तिला गप्प केले, कारण आईच्या नावाने झालेल्या कामावर शंका घेणे मला पाप वाटले. फसवणारे नेमके याच भावनेवर विसंबून असतात.

जुलैमध्ये आयकर विवरणपत्र भरताना आमच्या सीएंनी दहा-बीई नमुन्यातले प्रमाणपत्र मागितले. देणगीवर करसवलत मिळण्यासाठी लागणारी, तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ८०जीची मान्यता असलेली संस्था वर्षभरातील देणग्यांचे विवरण ३१ मेपर्यंत आयकर विभागाकडे भरत असे आणि त्यानंतर हे प्रमाणपत्र देणगीदाराला मिळत असे. दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर तर वजावटच मिळत नाही, हेही तेव्हा समजले. पावतीवरचा नोंदणी क्रमांक आयकर विभागाच्या संकेतस्थळावर सापडला नाही, आणि गृहस्थांचा फोन तोवर बंद झाला होता. मी ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. पण खात्यातून रक्कम पुढे जाण्याआधी, म्हणजे पहिल्या काही तासांत कळवले तरच ती गोठवता येण्याची शक्यता अधिक असते, आणि माझे चार महिने निघून गेले होते.

आपल्या माणसाच्या नावाने देणार असाल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालील संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्त कार्यालयात तपासून घ्या, पैसे संस्थेच्याच नावाच्या खात्यात भरा आणि वाढायला स्वतः उभे राहा. फोटो तर कुणालाही देऊ नका. आईचा फोटो त्या लोकांकडेच राहिला आहे, आणि तो दाखवून ते आणखी कुणाकडे पैसे मागत असतील, ही बोचणी मला गेलेल्या पैशांपेक्षा जास्त आहे.