नोकरदार आईवडिलांसाठी पाळणाघर: एका पालकाचा अभिप्राय

पाळणाघर परवडते का, हा प्रश्न बहुतेक घरांत चुकीच्या हिशेबाने सोडवला जातो. एका बाजूला महिन्याची फी आणि दुसऱ्या बाजूला आईचा पगार मांडला जातो, आणि वजाबाकीनंतर हाती फारसे काही उरत नाही असे दिसले की तिने नोकरी सोडणेच शहाणपणाचे, असे ठरवून सगळे मोकळे होतात. मूल दोघांचे असताना फी एकटीच्याच पगारातून का वजा व्हावी, हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेले नाही. शिवाय हा हिशेब फक्त चालू महिन्याचा असतो. फीचे ओझे मूल शाळेत जाईपर्यंत राहते आणि दरवर्षी थोडे हलके होत जाते. नोकरीत पडलेल्या खंडाचा परिणाम मात्र बढती, वेतनवाढ आणि निवृत्तीसाठीच्या बचतीवर पुढे कितीतरी वर्षे होत राहतो, आणि पुन्हा कामावर रुजू होताना अनेकींना पूर्वीच्या पदाच्या खालून सुरुवात करावी लागते. आम्ही दोघांचे उत्पन्न एकत्र धरून आणि पुढची दहा वर्षे डोळ्यांसमोर ठेवून हिशेब केला, तेव्हा पैशांच्या बाबतीत उत्तर स्पष्ट मिळाले. खरा प्रश्न पैशांचा नव्हताच. आपल्या मुलीचा दिवस तिथे कसा जाईल, हा होता.

आमची मुलगी वर्षाची होण्याआधीपासून पाळणाघरात जाते आहे. या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की सांभाळणारी माणसे पुरेशी असतील आणि तीच माणसे टिकून राहत असतील, तर पाळणाघर नक्कीच फायद्याचे आहे. या दोन्हींपैकी एकही गोष्ट नसेल, तर इमारत कितीही देखणी असली तरी मूल तिथे ठेवू नये.

पुरेशी म्हणजे किती, याला मोजमाप आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या आणि सार्वजनिक आरोग्याच्या संघटनांनी मिळून केलेल्या शिफारशीनुसार वर्षाखालच्या तीन बाळांमागे एक, आणि एक ते तीन वर्षांच्या चार मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती असावी. बाळांचा गटही सहापेक्षा मोठा नसावा. ही अपेक्षा अनेक ठिकाणच्या कायदेशीर नियमांपेक्षा कडक आहे, पण ती अवास्तव मुळीच नाही. एकाच वेळी दोन बाळे रडत असताना तिसऱ्याचे लंगोट बदलायचे असतील तर एका व्यक्तीची काय ओढाताण होते, हे घरी एकच बाळ सांभाळलेल्या कोणालाही समजेल. अडचण अशी की चौकशी करताना सांगितले जाणारे प्रमाण बहुतेकदा एकूण कर्मचाऱ्यांना एकूण मुलांनी भागून काढलेले असते, आणि त्यात स्वयंपाकघरात व कार्यालयात काम करणारेही धरलेले असतात. म्हणून प्रश्न असा विचारावा: दुपारी सांभाळणाऱ्या ताई आळीपाळीने जेवायला जातात तेव्हा, आणि संध्याकाळी काहीजणी घरी निघाल्यानंतर, या खोलीत कोण असते? आम्ही निवडलेल्या पाळणाघरात या प्रश्नाचे उत्तर लगेच आणि नावानिशी मिळाले. त्याआधी पाहिलेल्या एका ठिकाणी आम्हाला माहितीपत्रक देण्यात आले.

निवड पक्की झाली ती मात्र लंगोट बदलण्याच्या टेबलापाशी. तिथल्या ताईंनी एका बाळाला उचलण्याआधी त्याच्या समोर येऊन, त्याच्याकडे पाहून सांगितले की आता आपण कपडे बदलणार आहोत. बदलून झाल्यावर त्यांनी आधी बाळाचे हात धुतले, मग टेबल पुसून घेतले आणि शेवटी स्वतःचे हात साबणाने धुतले. हे सारे होईपर्यंत त्यांचे बोलणे चालूच होते. कोणी पाहत आहे म्हणून केलेला हा देखावा नव्हता, कारण आम्ही दाराआड होतो. झोपण्याच्या खोलीतही सगळी लहान बाळे पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी किंवा पांघरुणाशिवाय झोपलेली होती. झोपेतील आकस्मिक मृत्यू टाळण्यासाठी वर्षाखालच्या बाळांना असेच झोपवायचे असते. मऊ दुपटी आणि खेळणी भरलेला पाळणा छायाचित्रात छान दिसतो, पण तो पाहून पालकांनी सावध व्हायला हवे.

टिकून राहण्याच्या बाबतीत आमच्या पाळणाघराला मी पूर्ण गुण देणार नाही. वर्षाच्या मध्यावर आमच्या मुलीला सर्वांत जवळच्या असलेल्या ताई काम सोडून गेल्या आणि ही गोष्ट पालकांना कोणी कळवली नाही. ती अचानक सकाळी दाराशीच रडू लागली, रात्री दचकून उठू लागली, आणि आम्ही दात, ताप, पोटदुखी अशी कारणे शोधत राहिलो. कारण कळले ते दुसऱ्या एका पालकाशी सहज बोलताना. या कामाचा मोबदला जवळपास सर्वत्रच कमी असतो, त्यामुळे माणसे येतात आणि जातात, हे मी समजू शकते. न सांगणे मात्र अक्षम्य आहे. सुमारे आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत मुलांना ओळखीच्या माणसापासून दूर होण्याची भीती सर्वाधिक वाटते, आणि याच वयात अनेक मुले पाळणाघरात येतात. म्हणून इथे एक वर्षापेक्षा जास्त काळ टिकलेल्या किती जणी आहेत, हा प्रश्न फी विचारण्याआधी विचारावा.

पाळणाघरात ठेवल्याने मुलाची आईशी असलेली ओढ कमी होते, ही भीती जवळच्या माणसांनी आमच्यापुढे वारंवार बोलून दाखवली. या विषयावरील सर्वांत मोठ्या अभ्यासांपैकी एक अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झाला. त्यात दहा ठिकाणच्या १,३६४ मुलांची जन्मापासून पंधरा वर्षांची होईपर्यंत पाहणी करण्यात आली. केवळ दुसऱ्यांनी सांभाळल्यामुळे आई आणि मूल यांच्यातील नात्याला बाधा येत नाही, असे त्यात दिसले. आईचे मुलाकडे असलेले लक्ष मुळातच कमी असेल आणि त्यात सांभाळही निकृष्ट किंवा वारंवार बदलणारा असेल, तरच धोका वाढतो. चांगल्या प्रतीच्या सांभाळाचा भाषेवर आणि आकलनावर थोडा चांगला परिणाम आढळला, तर आठवड्यातील तास जसजसे वाढले तसतसा हट्टीपणा आणि आक्रमकपणा किंचित वाढलेला आढळला. दोन्ही परिणामांपेक्षा घरच्या वातावरणाचा प्रभाव मोठा होता. मला या निष्कर्षांतून दिलासा मिळाला, आणि एक व्यवहारी सूचनाही: तास कमी करता येतील तेवढे करावेत. आमच्यापैकी एकजण उशिरा कामावर जातो आणि दुसरा लवकर परततो, त्यामुळे मुलीचा तिथला दिवस आमच्या कोणाच्याही कामाच्या दिवसापेक्षा लहान असतो. ज्यांना कार्यालयाकडून एवढी मुभा मिळू शकते त्यांनी ती हक्काने मागावी, आणि वडिलांनी आधी मागावी.

ज्या खर्चाचा विचार कोणीच करत नाही तो आजारपणाचा. पहिल्या वर्षात सर्दी, खोकला आणि कानदुखी एकामागून एक येत राहतात, आणि ताप उतरून पूर्ण एक दिवस लोटल्याशिवाय बहुतेक पाळणाघरे मुलाला परत घेत नाहीत. हा नियम योग्यच आहे आणि तो काटेकोरपणे पाळणारे ठिकाण निवडावे, पण त्या दिवशी घरी कोण थांबणार हे प्रवेश घेतानाच ठरलेले असावे. मोठ्या गटात वाढलेल्या मुलांना दोन वर्षांच्या सुमारास सर्दी जास्त होते आणि शाळेच्या पहिल्या काही वर्षांत घरी वाढलेल्या मुलांपेक्षा कमी होते, असे संशोधनात आढळले आहे. तेराव्या वर्षापर्यंत हा फरक मिटतो. अपुऱ्या दिवसांत जन्मलेल्या किंवा श्वसनाचा त्रास असलेल्या मुलांच्या बाबतीत आधी डॉक्टरांशी बोलावे.

मोबाईलवर दिसणारा कॅमेरा आणि वर्षाच्या मुलांसाठी छापलेला अभ्यासक्रम या दोन गोष्टींची जाहिरात जोरात होते. कॅमेऱ्यात मूल बसलेले दिसते, त्याच्याशी कोणत्या स्वरात बोलले जात आहे ते कळत नाही. अभ्यासक्रमाबद्दल एवढेच सांगते की या वयाला बोलणारे, गाणी म्हणणारे आणि कडेवर घेणारे माणूस पुरते.

रुळण्याच्या काळासाठी मात्र या पाळणाघराचे मनापासून कौतुक करायला हवे. जर्मनीत रूढ असलेल्या एका पद्धतीत पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलासोबत खोलीतच बसतात, मुलाला एकटे ठेवण्याचा प्रयत्नच होत नाही, आणि चौथ्या दिवशी पहिल्यांदा थोड्या वेळासाठी ते बाहेर जातात. आमच्याकडेही जवळपास असेच झाले. चोरून निसटू नका, तिला सांगून जा, असे ताईंनी आम्हाला बजावले होते. ती रडली, पण ज्यांच्या कडेवर रडली त्या ताई तोवर तिच्या ओळखीच्या झाल्या होत्या. या काळासाठी दोघांनी मिळून रजा राखून ठेवावी. पहिल्याच दिवशी मूल सोडून निघून जा असे जिथे सांगितले जाते, तिथे प्रवेश घेऊ नये.

कामाच्या वेळा अनियमित किंवा रात्रपाळी असणाऱ्यांना ही सोय फारशी उपयोगी पडणार नाही. त्यांच्यासाठी घरी येऊन सांभाळणारी व्यक्ती बरी, जरी तिच्या रजेच्या दिवशी पर्याय नसतो आणि तिचे वागणे पाहायला दुसरे कोणी नसते. आजीआजोबा उत्साहाने तयार असले, तरी रांगत्या मुलामागे दिवसभर धावणे त्यांच्या गुडघ्यांना झेपेल का, हे त्यांना एकट्यात विचारावे.

आम्ही पुढच्या वर्षासाठी प्रवेश कायम ठेवला आहे. मुलीच्या गटातील ताई बदलणार असतील तर पालकांना आधी लेखी कळवावे आणि नव्या ताईंनी जुन्यांसोबत काही दिवस एकत्र काम करावे, अशी मागणी इतर पालकांच्या सह्यांनिशी आम्ही केली. पहिली मान्य झाली आहे, दुसरीवर अजून बोलणे चालू आहे.