कोडमधून चाल आणि बेसलाइन: सॉनिक पाय, स्ट्रुडल की पायथन?

कोड लिहून गाण्याची चाल आणि बेसलाइन (खालच्या, जाड स्वरांची साथ) करायची ही तीन साधनं. तिन्ही फुकट आहेत, त्यामुळे प्रश्न पैशाचा नाही. प्रत्येकात वेळ मोजायची रीत वेगळी आहे आणि निवड त्यावरूनच करावी.

सॉनिक पायमध्ये वेळ ओळीओळीने पुढे सरकते. ‘प्ले ६०’ म्हणजे मधला सी, ‘स्लीप ०.५’ म्हणजे अर्धा ठोका थांबा, मग पुढचा स्वर. सॅम आरन यांनी ते शाळेत शिकवण्याच्या हेतूने केलं, म्हणून कोड वाचताच कळतो. चालीसाठी मी हेच सुचवेन. स्केलमधून, म्हणजे ठरावीक स्वरांच्या संचातून, रँडम स्वर निवडायला सांगा, तरी दर वेळी रन केल्यावर तीच चाल वाजते, कारण सीड, म्हणजे रँडम निवड जिथून सुरू होते तो आकडा, ठरलेलं असतं. ते बदललं की नवी चाल. त्यामुळे आवडलेली चाल हरवत नाही, सीडचा आकडा टिपून ठेवला की पुरे. फक्त नुसत्या रँडम निवडीत स्वर उड्या मारतात. आधीच्या स्वरापासून एकच पायरी वर किंवा खाली जा, असं कोडमध्ये लिहा. चाल लगेच गुणगुणता येते.

बेसलाइनला मात्र स्ट्रुडल. टायडल सायकल्स या कोडमधून संगीत करायच्या साधनाचं हे जावास्क्रिप्टमधलं रूप थेट ब्राउझरमध्ये चालतं. इथे ओळ नाही, आवर्तन मोजायचं. ‘ई१(३,८)’ लिहिलं की आठ भागांपैकी पहिल्या, चौथ्या आणि सातव्या भागावर खालचा ई वाजतो. ३ च्या जागी ५ करा: आता पहिला, तिसरा, चौथा, सहावा, सातवा. सम सुटत नाही, बाकीचे ठोके सरकतात, आणि बेसला नेमकं हेच हवं असतं. लांबलचक, वळणं घेणारी चाल या लिपीत लिहिताना मात्र दमछाक होते.

पायथनची मिडो लायब्ररी स्वतः आवाज काढत नाही. ती मिडी फाइल लिहिते, म्हणजे कोणता स्वर कधी सुरू आणि बंद करायचा याच्या संदेशांची यादी. ती फाइल आपण डीएडब्ल्यूमध्ये, म्हणजे गाणं रेकॉर्ड आणि संपादित करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडायची. ऐकत ऐकत बदल करायची मजा इथे नाही, पण गाणं पुरं करायचं असेल आणि एखादा स्वर हाताने दुरुस्त करायचा असेल, तर हाच मार्ग. सुरुवातीला एक चूक हमखास होते, मीही केली: फाइल लिहिताना ‘टाइम’ मागच्या संदेशापासून मोजायचा असतो, गाण्याच्या सुरुवातीपासून नाही. एका ठोक्याला ४८० टिक (वेळेचे बारीक भाग), म्हणजे अर्ध्या ठोक्याच्या स्वराचा नोट-ऑफ, म्हणजे स्वर बंद करणारा संदेश, नेहमी २४० वर. मी २४०, ७२०, १२०० असे चढते आकडे देत होतो आणि प्रत्येक स्वर आधीच्यापेक्षा लांबत जात होता.