सेंटर चांगलंय, टेस्ट मात्र उगाच झाली

मायला पाळी जाऊन 9 वर्षं झाली अन् परत अंगावरून जायलंय म्हणून सेलूला दाखवलं, पिशवीचा तुकडा तपासला तर अस्तराचा कॅन्सर, सुरुवातीचाच. ऑपरेशनच्या आधी करायच्या तपासण्यांची एक छापील यादी हातात दिली त्यात बेरियम एनिमा पण होता, म्हणजे आतड्याचा एक्स-रे. आम्ही काय विचारणार, गेलो संभाजीनगरला. सेंटरचं नाव टाकत नाही.

आदल्या दिवशी नुसती पेज अन् ताक, रात्री जुलाबाचं औषध. सिडकोत मावशीकडं उतरलो होतो, एकच संडास आणि माय रात्रभर आतबाहेर, त्यात शुगरची पेशंट, पहाटे घाम फुटून हातपाय गार पडले, ग्लुकोज पाजलं तेव्हा कुठं बरं वाटलं. ही तयारी शुगरवाल्यांनी कशी करायची, गोळी घ्यायची का नाही, हे फोनवर कोणीच सांगितलं नाही, याचा एक स्टार कापला.

टेस्ट करणारी ताई मात्र लई चांगली. मागून नळीनं पांढरं औषध अन् हवा सोडतात, टेबलावर या कुशीवर त्या कुशीवर वळवून फोटो काढतात, माय लाजून रडायलेली तर ताईंनी सगळं झाकूनपाकून, बोलत बोलत केलं. रिपोर्ट त्याच दिवशी, नॉर्मल.

आणि दुसऱ्या दिवशी पोटाचा सीटी होता, तिथं म्हणाले आतड्यात बेरियम हाये, फोटो खराब येतो, चार-पाच दिवसांनी या! दोन्ही एकाच काउंटरवर बुक केलं होतं हो, सीटी आधी ठेवा म्हणायला काय झालं होतं? दुसरा स्टार गेला.

नंतर कॅन्सरच्या मोठ्या डॉक्टरांनी तीनच गोष्टी विचारल्या, संडासातून रक्त जातं का, संडासची सवय बदलली का, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर होता का. तिन्हीला नाही. मग म्हणाले कशाला केला, हा आजार आतड्यापर्यंत जातो तो लई पुढच्या स्टेजला, सुरुवातीला क्वचितच, आणि शंका असली तर सीटी, एमआरआयमध्ये कळतं, नाहीतर दुर्बिणीनं बघून तुकडा घेता येतो. घराण्यात पिशवीचा अन् आतड्याचा दोन्ही कॅन्सर चालत आले असतील तर मात्र दुर्बीण टाळायची नाही म्हणे.

आता यात सेंटरचा काय दोष, चिठ्ठीवर लिहिलं ते त्यांनी केलं. तीन स्टार. लिफ्ट चालू असते, बायांचं बाथरूम स्वच्छ. घरी गेल्यावर दोन दिवस संडास पांढरी होती, घाबरू नका, बेरियम असतंय ते, पाणी भरपूर पाजा नाहीतर खडा धरतो.