रडारयुक्त मागचा दिवा : गार्मिन व्हेरिया आरटीएल ५१५

सायकलस्वाराच्या कोपराला जवळजवळ घासून जाणाऱ्या गाडीची निम्मी भीती ती अचानक येण्यात असते, आणि गार्मिनचा ‘व्हेरिया आरटीएल ५१५’ हा रडार बसवलेला मागचा दिवा नेमका तो अचानकपणा कमी करतो. सीटखालच्या दांड्यावर बसणारे हे उपकरण मागचे वाहन १४० मीटरांपर्यंतच्या अंतरावरून टिपते. हँडलवरच्या सायकल कॉम्प्युटरच्या पडद्यावर, कडेच्या पट्टीत, एक ठिपका वर सरकू लागतो आणि वाहन भरधाव येत असेल तर पट्टी लाल होते. वाऱ्याच्या घोंगावण्यात इंजिनाचा आवाज विरून जातो तेव्हा ही सूचना मला अमूल्य वाटते.

मात्र गाडी किती दूर आहे आणि किती वेगाने जवळ येते आहे एवढेच हे रडार सांगते. ती बाजूने किती अंतर सोडणार, हे त्याला कळत नाही. अनेक देशांच्या नियमांत दीड मीटर अंतर सोडण्याची अपेक्षा असली, तरी ते पाळणे शेवटी चालकाच्याच हाती असते. शिवाय आपल्याच वेगाने मागे राहणारे वाहन पडद्यावरून नाहीसे होऊ शकते, त्यामुळे वळण्यापूर्वी मान वळवून पाहणे अजिबात सोडू नये.

बॅटरी दिवसाच्या लुकलुकत्या प्रकाशात १६ तास, तर अखंड प्रकाशात ६ तास चालते. अरुंद रस्त्यावर गाडी जवळ येण्याआधीच लेनच्या मध्यभागी ठामपणे सरकता येते, आणि माझ्या मते एवढ्यासाठीही हा दिवा घ्यावा.