माळ्यावरचे उंदीर आणि स्प्रिंगचा सापळा: काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकते. माळ्यावर, फॉल्स सिलिंगच्या वर किंवा वाशांवरून रात्री शर्यती लावणाऱ्या उंदरांवर मी जे जे वापरून पाहिलं, त्यात सगळ्यात कामाचा निघाला तो स्प्रिंगचा साधा सापळा. माझा प्लास्टिकच्या दातेरी जबड्याचा आहे, मोठ्या उंदरांसाठीचा. मात्र तो जमिनीवर ठेवाल तर उपयोग शून्य. या सापळ्यांना एक तारा देणाऱ्यांचे रिव्ह्यू वाचले की बऱ्याचदा हेच दिसतं: उंदीर वर, सापळा खाली, आणि शिव्या कंपनीला.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी घरात नेमकं कोण शिरलंय ते ओळखा. छतात राहणारा असतो तो काळा उंदीर, शास्त्रीय नाव रॅटस रॅटस. नाव काळा असलं तरी अंगाने तपकिरी किंवा राखाडीही असतो, तेव्हा रंगावर जाऊ नका. शेपूट बघा. डोकं आणि धड मिळून जेवढी लांबी, त्याहून ती लांब असते. अंग सडपातळ, तोंड निमुळतं, कान मोठे आणि पातळ. गटाराकडून येणारा तपकिरी उंदीर थोराड असतो, तोंड बोथट, शेपूट अंगापेक्षा आखूड. तो जमिनीत बिळं करतो आणि वर चढायला फारसा उत्सुक नसतो.

पण उंदीर समोर उभा राहून शेपूट मोजू देत नाही. दिसतात त्या लेंड्या. काळ्या उंदराची लेंडी साधारण १२ मिलिमीटर लांब, दोन्ही टोकांना निमुळती. तपकिरी उंदराची १८ ते २० मिलिमीटर, टोकं बोथट. त्याहून फारच बारीक, पाच-सहा मिलिमीटरच्या आत असतील तर तो छोटा घरउंदीर. त्याला छोटा सापळा लागतो, हा नाही. आणि जमिनीलगत भिंतीच्या कडेने चूं-चूं करत पळणारी, उग्र वासाची चिचुंद्री तर उंदीरच नव्हे. ती किडे खाते. तिच्यासाठी यातलं काहीच घेऊ नका.

वाट शोधायला मी साधी टाल्कम पावडर वापरली. वाशावर, पाइपवर, माळ्याच्या कडेला संध्याकाळी पातळ थर भुरभुरवला. सकाळी बॅटरी आडवी धरून पाहिलं तर एका वाशावर पावलांची सरळ रांग उठलेली. पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच, इतकी स्वच्छ की मोजता यावीत, आणि मधूनमधून शेपटीची बारीक रेघ. शेजारच्या वाशावर काहीच नाही. काळा उंदीर ठरलेल्या वाटेनेच ये-जा करतो, त्यामुळे त्या वाटेवर अंगाच्या तेलाचा नि मळाचा काळपट, चिकट पट्टाही चढतो. तो दिसला की सापळ्याची जागा ठरली.

आता सापळा लावण्याबद्दल, कारण खरं काम इथेच आहे. काळा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. आल्या आल्या स्प्रिंग चढवून ठेवला की तो दिवसचे दिवस वळसा घालून जातो. म्हणून सुरुवातीला स्प्रिंग न चढवता नुसतं आमिष लावून ठेवायचं. आमिष फस्त होऊ लागलं की एका रात्रीत सगळे सापळे एकदम चढवायचे. एकेक करत बसलात तर उरलेले शहाणे होतात. आमिषाला चीज वगैरे कार्टूनमधलं विसरा. या उंदराला फळं आणि बदामासारखी कठीण कवचाची फळं आवडतात. मी पीनट बटरचा अगदी छोटा ठिपका लावते आणि वर बदामाचा तुकडा दोऱ्याने घट्ट बांधते. न बांधलेला तुकडा तो अलगद उचलून नेतो, सापळा तसाच जबडा वासून बसलेला. पाइपवर किंवा वाशावर सापळा तारेने बांधून टाका, नाहीतर अर्धवट अडकलेला उंदीर सापळ्यासकट खाली येतो. सपाट जागी सापळा भिंतीला काटकोनात ठेवा, चाप (आमिष लावायची पट्टी) भिंतीकडे.

तक्रारी आहेत. काही सापळ्यांची बिजागरी सैल झाली. जबडा तिरका बसतो आणि उंदीर निसटतो. एकदा शेपटीवरच आपटला, तो अनुभव सांगण्यासारखा नाही. चाप इतका नाजूक की लावताना बोटं जपावी लागतात. पण सापळा धुता येतो, पुन्हा वापरता येतो, आणि उंदीर नीट सापडला तर क्षणात संपतो. हे शेवटचं माझ्या लेखी महत्त्वाचं आहे. चिकट पुठ्ठ्यावर अडकलेला उंदीर तासन्‌तास तडफडतो, शिवाय त्यावर पालीही अडकतात. तो पुठ्ठा मी पुन्हा घरात आणणार नाही.

माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने उंदीर पळवतो म्हणणारं अल्ट्रासॉनिक यंत्रही लावलं होतं. पहिल्या काही रात्री शांतता, मग खुडबुड पूर्ववत. हा आवाज भिंतीपलीकडे जात नाही, सामानाने अडतो, आणि उंदरांना त्याची सवय होते. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २००१ सालीच अशी यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठहून अधिक कंपन्यांना दाव्यांना पुरावा हवा अशी ताकीद दिली होती. तरी यंत्रं विकली जातातच.

विषाच्या वड्या एका पेस्ट कंट्रोलवाल्यांनी ठेवल्या, त्याही जमिनीवर कोपऱ्यांत. रक्त गोठू न देणारं हे विष खाल्ल्यावर उंदीर मरायला काही दिवस लागतात, आणि तो कुठे मरेल हे आपल्या हातात नसतं. आमच्याकडे तो भिंत आणि छताच्या सांध्यात मेला. त्या वासाचं वर्णन करत नाही. असा उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर विष त्यांनाही बाधतं.

सापळ्याने घरातले कमी होतात, बाहेरचे येतच राहतात. मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी पाच ते आठ पिल्लं देते, तेव्हा भोकं बुजवल्याशिवाय हा हिशेब कधीच जुळणार नाही. जेमतेम १२-१३ मिलिमीटरच्या फटीतून मोठा उंदीर आत येतो. कुठलं भोक वापरात आहे ते कळायला त्यात कागदाचा बोळा सैलसर कोंबा. सकाळी बाहेर ढकललेला दिसला की तेच. वळचण, केबल आत येते ती जागा, पाइपांभोवतीची फट, एक्झॉस्ट फॅनचं भोक आणि वेंटिलेटर आधी बघा. नुसता फोम भरू नका, तो कुरतडून जातात. साधी स्टीलची लोकर (स्टील वूल, म्हणजे बारीक तारांचा गुंता) गंजते आणि ओढून काढता येते. मी स्टेनलेस स्टीलची लोकर भरून वर सिमेंट लावलं, मोठ्या जागांना ६ मिलिमीटर छिद्राची जाड लोखंडी जाळी ठोकली. इतक्या महिन्यांत ते टिकलंय. छताला टेकणाऱ्या फांद्याही किमान सव्वा मीटर दूर छाटल्या. फांदी किंवा तार असली की त्यांना जिना लागतच नाही.

माळा साफ करताना झाडू मारू नका, वाळलेल्या लेंड्यांची धूळ नाकात जाते. हातमोजे घाला, खिडक्या उघडा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडून पाच मिनिटं थांबा, मग कागदाने पुसून घ्या. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, त्यामुळे हे कंटाळून टाळायचं काम नाही. वायरीही एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आमच्या एका वायरीचं प्लास्टिक तांब्यापर्यंत सोललेलं सापडलं.

एक-दोन सापळे आणून बघू, असा विचार असेल तर पैसे वाचवा. वाटा सापडल्यावर एकदम डझनभर लावायचे असतील तरच घ्या. घरात लहान मुलं किंवा मांजर असेल तर प्रत्येक सापळा दोन्ही बाजूंनी भोक असलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबाही बांधा.