कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी: ठाण्यातील घरासाठी आणि भामरागडच्या दौऱ्यासाठी

ठाण्यातील घरात रोज वापरता येईल आणि पावसाळ्यानंतर गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड, एटापल्ली या हिवतापाच्या भागातील कामाच्या दौऱ्यावर सोबतही नेता येईल अशी मच्छरदाणी हवी होती. त्यामुळे बाजारात सर्रास मिळणारी, उघडताच तंबूसारखी उभी राहणारी तारेची मच्छरदाणी बाजूला ठेवून, चार कोपऱ्यांना बांधायचे बंद (नाड्या) असलेली आणि धाग्यावरच डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक बसवलेली आयताकृती मच्छरदाणी घेतली.

तंबूची मच्छरदाणीही घरात आहे आणि ती लावायला सोपी आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र तिची तार पिळून घडी घालणे हे एकट्याचे काम नव्हे, आणि दोन चेन जिथे एकत्र येतात तिथे करंगळी जाईल एवढी फट राहते. खरी उणीव याहून मोठी आहे. झोपेत कोपर किंवा गुडघा साध्या जाळीला टेकला, की डास बाहेर बसूनच चावतो. कीटकनाशकयुक्त जाळीवर बसलेला डास बहुधा मरतो किंवा चावण्याआधीच दूर होतो, त्यामुळे जाळीला एखादे बारीक छिद्र पडले तरी संरक्षण लगेच संपत नाही. हिवताप पसरवणारी ॲनाफिलीस डासाची मादी प्रामुख्याने रात्री चावत असल्याने हा फरक महत्त्वाचा ठरतो.

तक्रारी आहेतच. जाळी खरखरीत आहे आणि आत पंख्याचा वारा कमी लागतो. पहिल्या रात्री चेहऱ्याला चुणचुण जाणवू शकते, म्हणून वापरण्यापूर्वी ती एक दिवस सावलीत उघडी टांगून ठेवावी. ही सूचना वेष्टनावर इतक्या बारीक अक्षरांत आहे की ती कोणी वाचावी अशी उत्पादकाची इच्छा दिसत नाही. उंची साधारण दीड मीटर असते. जमिनीवरील अंथरुणासाठी ती पुरते, परंतु पलंगावर जाड गादी असेल तर बंद खाली बांधल्याशिवाय कडा गादीखाली खोचता येत नाहीत. विश्रामगृहात खुंट्या मिळतीलच असे नाही. खिडकीच्या गजांना बांधण्यासाठी सुतळी जवळ ठेवावी.

अशी मच्छरदाणी साधारण 20 धुण्यांपर्यंत, म्हणजे सुमारे 3 वर्षे, प्रभावी राहते. ती सौम्य साबणाने धुवावी, सावलीतच वाळवावी आणि धुतलेले पाणी ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नये, कारण हे कीटकनाशक माशांना घातक असते.

मच्छरदाणीकडून अवास्तव अपेक्षाही ठेवू नयेत. शहरी हिवतापाचा वाहक असलेला ॲनाफिलीस स्टीफेन्सी गच्चीवरील उघड्या टाकीतील स्वच्छ पाण्यात वाढतो, त्यामुळे सोसायटीच्या टाक्यांना घट्ट झाकणे नसतील तर एका पलंगावरील जाळी संपूर्ण इमारतीला पुरणार नाही. दौऱ्यावर सूर्यास्तापासून झोपेपर्यंतचा वेळ जाळीबाहेर जातो. त्या वेळेसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डीईईटी हे डास दूर ठेवणारे रसायन असलेले मलम लागते. सिट्रोनेलाच्या तेलाचा प्रभाव फार लवकर ओसरतो. जोखमीच्या भागात मुक्काम करायचा असेल तर डॉक्सिसायक्लिनसारख्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. गर्भवतींना आणि आठ वर्षांखालील मुलांना ही गोळी दिली जात नाही.

केवळ घरासाठी आणि तेही लहान बाळाच्या दुपारच्या झोपेसाठी घ्यायची असेल, तर तंबूची साधी मच्छरदाणी पुरेशी आहे. रात्रीसाठी आणि प्रवासासाठी मात्र बंद बांधण्याचा त्रास सोसून हीच घ्यावी, आणि एकट्यासाठी असली तरी दोघांच्या मापाची निवडावी, म्हणजे अंग जाळीला टेकत नाही.